पंधरा वर्षांची जुनी व्हॅन आरटीओच्या तपासणीसाठी तयार करताना

जुन्या ओम्नीची किंवा ईकोची किंमत बाजारात साधारणपणे इंजिनाच्या आवाजावर आणि रंगाच्या चकाकीवर ठरते. आरटीओच्या तपासणीत या दोन्ही गोष्टींना फारसे महत्त्व नसते. तेथे चॅसी नंबर वाचता येतो का, ब्रेक सरळ रेषेत लागतात का, स्टिअरिंगमध्ये किती ढिलेपणा आहे, दिव्यांचा झोत कोठे पडतो आणि पत्रा कोठे सडला आहे, हे पाहिले जाते. त्यामुळे खर्चाचा क्रमही तसाच असावा : आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, त्यानंतर दिवे व धूर, आणि रंग सर्वांत शेवटी. बहुतेक लोक नेमके उलट करतात. वीस-पंचवीस हजारांचे डेंटिंग-पेंटिंग आधी होते आणि पैसे संपल्यावर ब्रेकचे लायनर पुढच्या महिन्यावर ढकलले जातात.

हा लेख महाराष्ट्रातील वापरलेल्या लहान व्हॅनविषयी आहे, आणि त्यातही मुख्यतः पांढऱ्या नंबरपाटीच्या खासगी व्हॅनविषयी. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ईको २०१० पासून बाजारात आहे. म्हणजे पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडलेल्या किंवा तिच्या उंबरठ्यावर असलेल्या व्हॅन आज भरपूर आहेत, आणि त्या स्वस्तात मिळण्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

कोणत्या तपासणीला सामोरे जायचे आहे, हे आधी ठरवा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. यालाच लोक रीपासिंग म्हणतात. पिवळ्या पाटीच्या वाहनाला कलम ५६ खालील योग्यता प्रमाणपत्र लागते; वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. दोन्हीकडे वाहनाकडून जी अपेक्षा असते ती जवळपास सारखीच आहे. पिवळ्या पाटीला परावर्तक पट्ट्या, म्हणजे पुढे पांढरी, मागे लाल व बाजूंना पिवळी, शिवाय प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि वाहनाच्या प्रकारानुसार वेगनियंत्रक अशी जादा भर पडते. व्हॅन खासगी नोंदणीची असेल आणि ती शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी घेण्याचा विचार असेल, तर रीपासिंग होऊनही ती त्या कामासाठी कायदेशीर ठरत नाही. त्यासाठी नोंदणीचा प्रकार, परवाना आणि शालेय वाहतुकीचे स्वतंत्र नियम आहेत.

खासगी वाहनाच्या नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये असतो आणि मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत तो करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटार वाहनासाठी हे शुल्क ५,००० रुपये झाले आणि उशीर झाल्यास दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागासाठीही, ५०० रुपये जादा लागतात. वीस वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी २०२५ मध्ये शुल्क आणखी वाढवण्यात आले. याशिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. शुल्काचे आकडे बदलत असतात, म्हणून परिवहन संकेतस्थळावर आपल्या वाहनाचा क्रमांक टाकून येणारी रक्कमच खरी मानावी. व्हॅन विकणाऱ्याने मुदत संपून दोन वर्षे झाली असे सांगितले, तर त्या चोवीस महिन्यांचा दंडच १२,००० रुपये होतो. सौदा ठरवताना हा आकडा समोर ठेवावा.

कागद : व्हॅन पाहायला जाण्याआधीचे काम

विक्रेत्याकडून नोंदणी क्रमांक घेऊन एमपरिवहन अॅपवर नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी, बोजा आणि थकीत ई-चलने पाहून घ्यावीत. बँकेचे कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बोजा तसाच राहिलेला असणे ही जुन्या वाहनांतली नेहमीची अडचण आहे. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय तो उतरत नाही, आणि बँकेची ती शाखा बंद किंवा विलीन झालेली असेल तर या एका कागदासाठी महिने जातात. ही जबाबदारी विक्रेत्याची आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. नोंदणीची मुदत संपत आलेली असेल, तर विक्रेत्याने आपल्याच नावावर नूतनीकरण करून मग विकणे सर्वांत सोपे पडते, कारण मुदत संपलेल्या वाहनाचे हस्तांतरण अडते आणि ते वाहन रस्त्यावर चालवताही येत नाही. विक्रेता तयार नसेल तर तपासणीच्या दिवशी तो स्वतः हजर राहील, एवढे तरी लेखी ठरवून घ्यावे. परराज्यातील व्हॅन असल्यास तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला आणि येथील रस्ता कर हे दोन खर्च वाढतात. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधने असल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. दाखला हातात नसताना त्यांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनाला उच्च सुरक्षा नंबरपाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवून घ्यावी लागते. ती ऑनलाइन नोंदवून मिळायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम गॅरेजच्या कामाआधी सुरू करावे.

यानंतर चॅसी नंबर. निरीक्षक तो आरसीशी ताडून पाहतो आणि पेन्सिलने घासून त्याची छापही घेतली जाते. पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या व्हॅनमध्ये हा नंबर चिखल, ग्रीस, अंडरकोटिंग किंवा रंगाच्या थराखाली गेलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके आणि मऊ ब्रश घेऊन तो सावकाश मोकळा करावा आणि वर ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा खरखरीत पॉलिश पेपर तेथे कोणालाही लावू देऊ नये. एखादा जरी आकडा पुसट झाला, तरी वाहनाच्या मूळ ओळखीवर शंका घेतली जाते आणि नंबर पुन्हा ठोकण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर तपासणीच्या आधी ती नोंद करून घेणे भाग आहे. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटांखाली असल्यामुळे हा नंबर व्हॅन पाहतानाच, सीट उचलून, दोन मिनिटांत वाचता येतो. तरीही बरेच ग्राहक तो वाचत नाहीत.

पत्रा आणि सांगाडा

व्हॅन लिफ्टवर घेऊन खालून पाहावी. लिफ्ट नसेल तर खड्डा असलेले गॅरेज शोधावे. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच. ओम्नीसारख्या गाडीत वेगळी जाड चौकट नसते. पत्र्याचे जोडलेले अंगच भार पेलते, म्हणून येथील गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न उरत नाही. सरकत्या दरवाजाची खालची पट्टी, दरवाजाखालचा उंबरठा, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची जागा आणि मागचे पाटे (स्प्रिंग) ज्या कंसांना बसतात त्यांच्या आसपासचा भाग, या ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो किंवा पापुद्रे गळतात. कोकणपट्टीत वापरलेल्या व्हॅनमध्ये खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे रबराच्या मॅटखालचा पत्रा वरून दिसतो त्यापेक्षा फार वाईट स्थितीत असतो. मॅट उचलू न देणारा विक्रेता न बोलताच बरेच काही सांगून जातो.

सडलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणे, ही खरी दुरुस्ती. लांबी (पुटी) भरून वरून रंग मारल्यास ते काही महिने टिकेलही, पण पाट्याच्या कंसाजवळ किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळ असे केलेले काम धोकादायक आहे आणि अनुभवी निरीक्षकाच्या नजरेतून ते सहसा सुटत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी. गॅस किटची टाकी असेल तर ती योग्य माणसाकडून बाहेर काढल्याशिवाय जवळपास ठिणगी पडू देऊ नये. वेल्डिंगचा अंदाज व्हॅनच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जात असेल, तर तेथेच थांबून ती व्हॅन नोंदणीकृत भंगार केंद्राकडे देण्याचा विचार करणे शहाणपणाचे.

ब्रेक

महाराष्ट्रात वाहन थांबवून दाखवण्याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर योग्यता तपासणीसाठी २५० मीटर लांबीच्या ब्रेक चाचणी पथाचा आग्रह धरला गेला. पुण्याच्या वाहनांची अशी चाचणी दिवे या गावी होते. जेथे स्वयंचलित तपासणी केंद्र आहे, तेथे चाके रोलरवर घेऊन प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर देतो हे यंत्रच मोजते. उजवे चाक चांगले लागते आणि डावे अर्धवट, ही जुन्या व्हॅनची नेहमीची खोड अशा यंत्रापुढे लपत नाही.

म्हणून चारही चाके उघडावीत. पुढे डिस्क असेल तर पॅडची जाडी, डिस्कवर पडलेल्या खाचा आणि कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन मोकळी सरकते का, हे पाहावे. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत पिन हमखास अडकलेली असते आणि एक बाजू ओढण्याचे ते मोठे कारण असते. मागे ड्रम काढून लायनर पाहावे आणि व्हील सिलिंडरचे रबर थोडे उचलून आत ओल आहे का ते तपासावे. ओल दिसली तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलावेत. ब्रेक ऑइल लागलेले लायनर पुसून पुन्हा बसवू नये. ते तेल पिऊन बसलेले असते आणि तापल्यावर निसटते. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर गंजाचे फोड, रबरी होजवर तडे असल्यास त्याही बदलाव्यात. मग जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे डॉट ३ दर्जाचे भरावे आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेकच्या नळीतली हवा काढून घ्यावी.

घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करावे आणि दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे. व्हॅनला बूस्टर असेल तर पेडल दाबलेले असतानाच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी तपासावी. हँडब्रेकची केबल ताणण्यापूर्वी मागच्या लायनरची जुळवणी करावी, कारण केबल ताणून लपवलेला दोष महिनाभरात परत येतो. शेवटी मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी तीस-चाळीसच्या वेगात स्टिअरिंगवरची पकड किंचित सैल ठेवून ब्रेक लावावा. व्हॅन एका बाजूला गेली तर काम अपुरे आहे.

स्टिअरिंग, चाके आणि टायर

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे स्टिअरिंगच्या चक्राचा रिकामा फेर ३० अंशांपेक्षा जास्त असू नये. चाके सरळ ठेवून चक्रावर खडूची खूण करावी आणि चाक हलू लागेपर्यंत चक्र किती फिरते ते पाहावे. खरे सांगायचे तर ओम्नीच्या रॅक-पिनियन स्टिअरिंगमध्ये याच्या निम्मा ढिलेपणाही हाताला खटकतो. दोष शोधण्यासाठी पुढचे चाक उचलून स्टँडवर घ्यावे. चाक वर-खाली धरून हलवल्यास जो खटका येतो तो बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा, आणि डावी-उजवीकडे धरून हलवल्यास येतो तो बहुधा टाय रॉड एंडचा. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर वर-खालीचा खटका नाहीसा झाला तर बेअरिंग दोषी. तसाच राहिला तर बॉल जॉइंट. रबर बुश, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॉकअपवरची तेलाची ओलही याच वेळी पाहून घ्यावी. सुटे भाग बदलल्यानंतर व्हील अलाइनमेंट करणे आवश्यक आहे. आधी केलेले अलाइनमेंट वाया जाते.

टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खोबणीत तळाशी जे लहान उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला. ओम्नीला बारा इंची चाके असतात आणि सामान वाहणाऱ्या व्हॅनला जास्त भार पेलणारे टायर लागतात. स्वस्त मिळाले म्हणून साध्या मोटारीचे टायर बसवू नयेत. स्टेपनीही तपासणीचाच भाग समजावी.

दिवे, हॉर्न, काचा

व्हॅन परत पाठवली जाण्याची कारणे पाहिली, तर दहा-वीस रुपयांचा बल्ब त्यात पुष्कळदा असतो. पार्किंग, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स, नंबरपाटीवरचा दिवा आणि मागचे लाल परावर्तक असे सर्व काही एका माणसाला मागे उभे करून तपासावे. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवाही मिणमिणत असेल, तर नव्वद टक्के वेळा अर्थिंगची वायर गंजलेली असते. तो स्क्रू काढून जागा घासून पुन्हा घट्ट करावा.

हेडलाइटची दिशा घरीच जुळवता येते. डिपरचा प्रकाश आठ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या, म्हणजे जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या, डोळ्यांना दिपवणारा नसावा, असा नियम आहे. सपाट जागेवर भिंतीसमोर आठ मीटरवर व्हॅन उभी करून भिंतीवर दीड मीटरची रेघ ओढावी आणि प्रकाशाचा मुख्य झोत तिच्या बराच खाली राहील असे स्क्रू फिरवावेत. मागे सामान भरलेले असताना ही जुळवणी करू नये. बाजारातले निळसर पांढरे एलईडी किंवा एचआयडी बल्ब जुन्या परावर्तकात घातले असतील तर काढून मूळ शक्तीचे हॅलोजन बसवावेत. कर्कश किंवा अनेक सुरांचा हॉर्न, पुढचे लोखंडी बुलबार आणि काचांवरची काळी फिल्म हेही काढावे; काचेवर फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली आहे. वायपर, आरसे, सीटबेल्ट आणि डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर चालू हवेत. स्पीडोमीटरची तुटलेली केबल हा स्वस्त पण सर्रास दुर्लक्षिलेला दोष आहे. सीटांची संख्या आरसीवर असेल तेवढीच असावी.

धूर आणि गॅस किट

पीयूसी काढताना आपली व्हॅन कोणत्या भारत स्टेज (बीएस) प्रदूषण मानकाची आहे, हे आरसीवर पाहावे. पेट्रोल वाहनासाठी मंद गतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस-२ व ३ साठी ०.५ टक्का, तर बीएस-४ साठी ०.३ टक्का आहे. हायड्रोकार्बनची मर्यादा अनुक्रमे ७५० आणि २०० पीपीएम. मुंबई-पुण्यात बीएस-४ मानक २०१० मध्येच आले आणि सर्व देशात २०१७ मध्ये, त्यामुळे एकाच वर्षी घेतलेल्या पुण्याच्या आणि ग्रामीण भागातल्या व्हॅनना वेगवेगळी मर्यादा लागू असू शकते. ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग बदलून, गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून गरम झाल्यावरच चाचणी करावी; थंड इंजिन आणि थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निष्कारण जास्त आकडे दाखवतात. सायलेन्सरला भोक असल्यास आकडेही चुकतात आणि आवाजामुळे आक्षेपही येतो. एवढे करूनही निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, आणि त्याला ट्यूनिंग हा उपाय नाही.

सीएनजी किट असेल तर ते आरसीवर नोंदलेले हवे आणि टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. एलपीजीच्या टाकीसाठी हा काळ पाच वर्षांचा आहे. चाचणीची तारीख टाकीवरच्या पाटीवर आणि प्रमाणपत्रावर सारखी असावी. नोंद नसलेले किट काढून टाकणे किंवा रीतसर नोंदवणे, याव्यतिरिक्त तिसरा मार्ग नाही.

तपासणीचा दिवस

आदल्या दिवशी व्हॅन खालून-वरून धुऊन घ्यावी. त्याच सकाळी इंजिनावर पाणी मारू नये, कारण वायरिंगमध्ये ओल शिरून ऐनवेळी इंजिन अडखळते. मागचे सामान उतरवावे, टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाची ठेवावी, आणि सोबत जादा बल्ब, फ्यूज, स्क्रू-ड्रायव्हर, पाना, जॅक व स्टेपनी असावी. आरसी, विमा, पीयूसी, शुल्काची व कराची पावती, ओळखपत्र, गॅसच्या टाकीचे प्रमाणपत्र हे मूळ आणि झेरॉक्स अशा दोन्ही रूपांत एका फाइलमध्ये ठेवावेत. नोंदणीची मुदत आधीच संपलेली असेल तर व्हॅन चालवत न नेता टोइंगने न्यावी. निरीक्षक गाडी चालवून पाहत असताना तिच्या खोडी सांगत बसू नये, आणि विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तरही देऊ नये.

एजंट करावा की नाही, हा प्रत्येकाचा प्रश्न आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि तारीखही तेथेच मिळते, त्यामुळे ज्याला संगणक किंवा मोबाइल बऱ्यापैकी हाताळता येतो त्याला गरज पडत नाही. गाडी न दाखवता पासिंग करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला दिलेल्या पैशांत ब्रेकचे सर्व काम होते, हे लक्षात घ्यावे.

व्हॅन नाकारली गेली तर कारणे लेखी मागावीत. ती देणे प्राधिकरणाला बंधनकारक आहे. यादीतील एकेक दोष दुरुस्त करून, सुट्या भागांची बिले जोडून, दिलेल्या मुदतीत पुन्हा तपासणीची तारीख घ्यावी. निर्णय चुकीचा वाटत असल्यास कलम ५७ खाली तीस दिवसांत अपील करता येते, पण दोष बल्बचा किंवा टाय रॉडचा असेल तर अपिलापेक्षा गॅरेज जवळचे. व्हॅन उत्तीर्ण झाल्यानंतर नवी मुदत परिवहन संकेतस्थळावर दिसते का, हे आठवडाभरात पाहावे आणि विमा कंपनीलाही ती कळवावी. मालकी बदलली असेल तर विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.